परसबागेतील भू-आमरी : निवड, लागवड व मर्यादा

प्रस्तावना :
ऑर्किड म्हटले की झाडाच्या फांदीला बिलगलेली किंवा टांगत्या टोपलीत वाढणारी वनस्पती डोळ्यांसमोर येते. मराठीत आमर वा आमरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कुलातील अनेक जाती मात्र थेट जमिनीत वाढतात. त्यांना येथे भू-आमरी असे संबोधले आहे. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या हॅबेनेरिया प्रजातीतील बहुतेक जाती याच गटातील होत. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना प्रस्तुत लेखिकेने वर्षासहलीत अशाच एका पठारावरून हॅबेनेरिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसची दोन फुललेली रोपे मातीसह आणून घरच्या कुंडीत लावली होती. दिवाळीच्या सुमारास पाने सुकली, तरी पाणी घालणे सुरूच ठेवले. पुढील पावसाळ्यात काहीही उगवले नाही. कुंडी उकरली असता कुजलेल्या कंदाची साल तेवढी हाती लागली. ही रोपे का जगली नाहीत आणि घरी कोणती भू-आमरी लावणे उचित ठरेल, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रानातील भू-आमरीचे जीवनचक्र :
हॅबेनेरियाचा कंद उन्हाळाभर जमिनीत सुप्त असतो. पहिल्या पावसात जमिनीलगत पान पसरते व जून-जुलैमध्ये पांढरी फुले येतात. याच काळात जुना कंद आटत जातो आणि शेजारी पुढील वर्षाचा नवा कंद भरू लागतो. फुललेले रोप उपटणे म्हणजे हा कंद अपुरा असतानाच त्याचा अन्नपुरवठा तोडणे होय. शिवाय सुप्तावस्थेत कंदाला कोरडी माती लागते. सतत ओलावा राहिल्यास तो कुजतो.

२. कवकाचे साहचर्य :
आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो, धुळीसारखी बीजे असतात. त्यांत भ्रूणपोष नसल्याने निसर्गात रुजण्यासाठी विशिष्ट कवकाचा आधार लागतो. ही बाब फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये उघडकीस आणली. अनेक भू-आमरींच्या मुळांत हे साहचर्य प्रौढावस्थेतही टिकून असते. कुंडीतील मातीत ते टिकेलच याची शाश्वती नसते. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी शर्करायुक्त आगर माध्यमावर कवकाविना बीजे रुजवून दाखविली आणि प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

३. घरासाठी योग्य जात व लागवड :
महाराष्ट्र-गोव्यातील उष्ण हवामानात स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा ही काटक जात उत्तम ठरते. रोपवाटिकांत ती ‘ग्राउंड ऑर्किड’ या नावाने मिळते. तिची लांब पाने चुणीदार असून जांभळट-गुलाबी फुले उंच दांड्यावर क्रमाक्रमाने उमलतात. लागवडीसंबंधी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

(अ) बागेची माती, पालापाचोळ्याचे कुजलेले खत, जाडी वाळू व विटांचे बारीक तुकडे यांचे भुसभुशीत मिश्रण करावे. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे ठेवावे.
(आ) आभासी कंद पूर्णपणे गाडू नयेत. त्यांचा वरचा भाग मातीबाहेर असावा.
(इ) सकाळचे कोवळे ऊन व दुपारी विरळ सावली मिळेल अशी जागा निवडावी. दाट सावलीत पाने वाढतात, फुले मात्र येत नाहीत.
(ई) वाढीच्या काळात माती ओलसर ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये. थंडीत पाणी कमी करावे. खत सौम्य व पातळ करून द्यावे.
(उ) जुंबाडा दाटल्यावर प्रत्येक भागात किमान तीन कंद राहतील अशा रीतीने विभागणी करावी.

ही जात हिमतुषार सहन करीत नाही. थंड डोंगराळ प्रदेशात तिच्याऐवजी मूळची चीन-जपानकडील ब्लेटिला स्ट्रायटा लावता येते. तिची पाने हिवाळ्यात वाळतात व वसंतात पुन्हा फुटतात.

४. महाविद्यालयीन संदर्भ :
कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट आहे. तथापि लहानसहान, अप्रसिद्ध पठारांवर राखण करणारे कोणी नसते, आणि क्षेत्रसहली बहुधा तेथेच जातात. चाळीस विद्यार्थ्यांच्या गटाने प्रत्येकी एक रोप उपटले तर एका पावसाळ्यात त्या जागेवरून चाळीस कंद नाहीसे होतात. छायाचित्र, मोजमाप व नोंदवही यांवर अभ्यास भागत असेल तर कंदाला हात लावण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रत्यक्ष हाताळणीसाठी महाविद्यालयाच्या उद्यानातील स्पॅथोग्लॉटिसचा एक वाफा पुरेसा आहे. पुष्परचना, परागपुंज आणि बोंडातील बीजे हे सर्व तेथे दाखविता येते.

समारोप :
भू-आमरी घरी फुलविणे कठीण नाही. मात्र रोप कोठून आले, हा प्रश्न लागवडीच्या तंत्राआधी विचारला पाहिजे. रोपवाटिकेतील रोप कुंडीत रुळते, पठारावरील रोप पठारावरच शोभते. लेखिकेच्या कुंडीतील त्या दोन रोपांची भरपाई आता होणे नाही. तथापि तो धडा आपल्या विद्यार्थ्यांना नवे कंद न उपटता शिकविता येईल, एवढे निश्चित.