बांधावरची फुलं, वाकळेचं कापड

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावानं धोतरं विणली, साड्या विणल्या, पॉपलीन आणि केंब्रिकचे तागेच्या तागे काढले. त्या कापडावरचं फूल मात्र बहुतेकदा परगावचंच राहिलं. आपलं ग्रे कापड पाली, बालोत्रा, जेतपूरला जातं, तिथं त्यावर कुणाचं तरी डिझाईन चढतं आणि तेच कापड आपण दुकानातून परत विकत घेतो. चित्रकारानं वाकळेसाठी, म्हणजे आजच्या क्विल्टसाठी, इथल्या निसर्गातून छापील कापडाची मालिका काढावी, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो ते यामुळेच.

छिटाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आपल्या छिटांनी युरोपला इतकी भुरळ घातली की फ्रान्सनं १६८६ मध्ये त्यांवर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. विल्यम मॉरिसच्या १८८३ च्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’वरही पुष्कळ लिहून झालंय. मला आपल्याकडचा धागा जवळचा वाटतो. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या नकला केल्या. पहिल्या लेण्याच्या छतावरची कमळं, फळं, पक्षी पाहावेत. चौकटीत निसर्ग कसा बसवावा, हे तिथं शिकायला मिळतं. पुढे विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये प्रभाकर बरवे, अंबादास यांच्यासारखे चित्रकार विणकरांबरोबर काम करत होते. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. त्या पिढीच्या मुखपृष्ठांवर घराघरांनी जीव लावला, पण तसा हात कापडाकडे वळवून घ्यावा असं आपल्या व्यापाऱ्यांना सुचलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता माझ्या आवडीचा विषय : बारीक छाप. मोठ्या फुलाचा मुख्य छाप प्रत्येकाला काढायचा असतो. पण वाकळ शिवणारी बाई कात्री चालवते, तेव्हा वीतभर फुलाची तिच्या तुकड्यात अर्धी पाकळी उरते. मालिका तोलून धरतात ते लहान छाप, आणि त्यांना लागणारं सगळं पावसाळ्यात आपल्या बांधावर उगवतं. केन्याची निळी पाकळी, कुर्डूचा गुलाबी शेंडा, हरळीची पेरं. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि रात्री त्या मिटतात. उघडं पान एका छापात, मिटलेलं दुसऱ्या छापात घेतलं की एकाच झाडाचं जोडकापड तयार. हिवाळ्यात शाळवाचं कणीस आहेच. शिवाय वाकळ अंथरली की चारी बाजूंनी दिसते. म्हणून सगळे देठ एकाच दिशेला उभे केलेली मांडणी इथं चालत नाही. फुलं चहूकडे तोंड करून विखुरलेली हवीत. धावदोरा कडेनं सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जातो. त्याच्या ओळीही छापावरून जाणार, तेव्हा जमीन फार गजबजलेली नको.

काही जाणकार म्हणतात, वाकळ जुन्या लुगड्यांचीच. नव्या कापडाची ती वाकळ कसली? त्यांनी आमच्या भागातल्या वाकळा नीट पाहिलेल्या नाहीत. माझी आई आत इरकलीचं जुनेर घालायची, पण वरचा थर तिला नव्या छिटाचा लागे; बाळाच्या दुपट्याला तर हटकून. दुसरा पक्ष कास पठाराखेरीज कशाकडे बघतच नाही. कासची फुलं सुंदर आहेत, पण आपल्या शेताच्या कडेची ओळख झाल्याशिवाय तिथं धावायची घाई का?

खरी घसरण झाली ती रेखाटनात. तयार फुलं संगणकावर मिळतात, तीच उलटीसुलटी करून छापली जातात. पानाचा देठ फांदीला कुठे जुळतो हे काढणाऱ्यानं पाहिलेलंच नसतं, आणि ते कापडावर लगेच कळतं. रोटरी स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर, प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन. त्या मर्यादेमुळे पूर्वीचा कलाकार चार-पाच रंगांत विचार करायचा. आज डिजिटल छपाईत हवे तेवढे रंग मिळतात आणि रंगांची निवड करणंच बंद झालंय.

त्याच डिजिटल छपाईचा एक उपयोग मला दिसतो. स्क्रीनचा खर्च नसल्यानं थोडे मीटरही छापता येतात. डीकेटीई १९८२ पासून या गावात वस्त्रविद्या शिकवते. तिथल्या मुलांनी आणि कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी एक पावसाळा पंचगंगेकाठच्या बांधांवर वह्या घेऊन बसावं. केना, कुर्डू, हरळी आणि टाकळ्याचे दोन छाप आपल्याच केंब्रिकवर उतरवावेत, आणि पहिलं कापड वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या हाती कापायला द्यावं.