वैद्याच्या लेखणीतून मांधात्याचे आख्यान

आज आश्विन वद्य त्रयोदशी. सायंकाळी घरोघरी दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लावला जाईल, आणि वैद्य-डॉक्टरांच्या घरी धन्वंतरीची पूजा होऊन धणे-गुळाचा प्रसाद वाटला जाईल. क्षीरसागराच्या मंथनातून हाती अमृतकलश घेऊन प्रकटलेल्या या देवतेला भागवतकारांनी विष्णूचा अंश आणि आयुर्वेदाचा द्रष्टा म्हटले आहे. वाचकहो, यातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. रोग हरण करणाऱ्या या देवतेची ओळख आपल्याला झाली ती चिकित्साग्रंथातून नव्हे, तर पुराणकथेतून. वैद्यक आणि कथा यांचे नाते असे पुरातन आहे. म्हणून आजच्या पुण्यदिवशी एका डॉक्टराने लिहिलेल्या पुराणाश्रित कादंबरीविषयी, आणि त्या कादंबरीने माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या हरदासाला दिलेल्या धड्याविषयी, चार शब्द सांगावे असे योजिले आहे.

मुंबईत भायखळ्याला 1845 साली स्थापन झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज आहे. तेथून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. दिवसा रोगी तपासावे आणि उरल्या वेळात शिलालेख, ताम्रपट व संस्कृत पोथ्या वाचाव्या, असा त्यांचा क्रम. त्याच महाविद्यालयातून सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांनी डॉ. देवदत्त पट्टनायक हे वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. जन्म 1970 सालचा, मुंबईचाच. त्यांनी दवाखाना थाटला नाही. सुमारे चौदा वर्षे औषधनिर्मिती व आरोग्य या क्षेत्रांत नोकरी केली आणि सोबत पुराणकथांचा अभ्यास चालू ठेवला. भगवान शंकरावरील त्यांचे पहिले पुस्तक 1997 साली निघाले. पहिली कादंबरी मात्र 2008 साली आली. ती इंग्रजीत असून तिचे नाव ‘द प्रेग्नंट किंग’. म्हणजे गरोदर राजा. कथा युवनाश्वाची, चक्रवर्ती मांधाता ज्याच्या उदरी जन्मला, त्या राजाची.

हे आख्यान आमच्या कीर्तनपरंपरेला नवे नाही. वनपर्वात लोमश ऋषी ते धर्मराजाला सांगतात. इक्ष्वाकुवंशातील युवनाश्वाने पुष्कळ यज्ञ केले, पण पोटी संतान नाही. राज्य मंत्र्यांवर सोपवून तो वनात राहिला. एका रात्री तहानेने व्याकूळ होऊन तो भार्गवांच्या आश्रमात शिरला. घसा इतका कोरडा पडला होता की त्याची हाक कोणाला ऐकू गेली नाही. यज्ञकर्माने थकलेले ऋषी झोपी गेले होते. वेदीवर मंत्रजलाने भरलेला कलश होता. ते जल राणीने प्यावे आणि तिला इंद्रतुल्य पुत्र व्हावा, म्हणून ते याच राजासाठी सिद्ध केलेले होते. राजाने नकळत तेच प्राशन केले. पुढे शंभर वर्षांनी त्याची डावी कूस भेदून पुत्र बाहेर आला. राजाला मृत्यू आला नाही. बाळाला पाजणार कोण, असा प्रश्न पडला तेव्हा इंद्राने आपली तर्जनी त्याच्या मुखात दिली आणि ‘हा मला पिईल’ असे म्हटले. त्या बोलावरूनच बालकाचे नाव मांधाता झाले.

भागवताच्या नवम स्कंधात हीच कथा आहे. पण तेथे कूस डावी नव्हे, उजवी आहे. द्रोणपर्वात तर राजा मृगयेला निघालेला आहे. धूर पाहून तो यज्ञस्थळी येतो आणि मंत्रजल नव्हे, तर दहीमिश्रित तूप त्याच्या पोटात जाते. पुढे त्याच्या उदरातून बाळ बाहेर काढतात ते अश्विनीकुमार, देवांचे श्रेष्ठ वैद्य. म्हणजे एका परंपरेत या प्रसूतीला वैद्य हजर आहेत! आजच्या दिवशी हे आठवताना मन प्रसन्न होते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, पण सणाच्या दिवशी मनात जळमट ठेवू नये. मी वाईचा. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर नारदीय कीर्तन करण्याचा मान आमच्या घराकडे चालत आला आहे. ऐन तारुण्यात उत्तररंगाला मी मांधात्याचे आख्यान लावीत असे, आणि ते रंगे. का रंगे? तर राजाचे पोट वाढू लागले की मी कमरेवर हात ठेवून, पाऊल जड टाकून, चार पावले चालून दाखवी. डोहाळ्यांचे वर्णन करी. पेटीवाला हसे, तबलजी हसे, सारा मंडप हसे. हंशा पिकला की आख्यान साधले, असे मला वाटे.

अशाच एका रात्री आरती झाल्यावर एक गृहस्थ बुक्का लावून घेण्यासाठी पुढे आले. नेहमी खांबाला टेकून बसणारे, अबोल. लग्नाला बारा-तेरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. गावात बोल लागे तो त्यांच्या पत्नीला. हळू आवाजात ते म्हणाले, “बुवा, आज आपण त्या राजाला हसलात. पण दोष हिच्यात नाही, माझ्यात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हे मी अजून घरी कुणाला बोललो नाही. मंडप हसला तेव्हा मला वाटलं, माझं गुपित फुटलं.” मी काय उत्तर देणार? बुक्का लावला आणि मान खाली घातली. त्यानंतर मी ते आख्यान लावणेच सोडून दिले. ते सोडले याला प्रायश्चित्त म्हणत नाहीत, पळवाट म्हणतात, हे मला फार उशिरा कळले.

ही कादंबरी माझ्या हाती दिली ती मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या माझ्या भाच्याने. “मामा, तुमचा मांधाता आहे यात,” एवढेच तो म्हणाला. शब्दकोश शेजारी घेऊन मी ती सावकाश वाचली. लेखकाने युवनाश्वाला वल्लभीचा राजा केले आहे आणि त्याला पांडवांच्या काळात आणून बसविले आहे. पुराणांच्या वंशावळीप्रमाणे तो रामचंद्राच्याही पिढ्यान्‌पिढ्या आधीचा. तेव्हा हे स्वातंत्र्य मोठेच म्हणावयाचे. पण आपण ते घेतले आहे, हे लेखक लपवीत नाही. या राजाची आई शीलावती विधवा आहे, राज्यकारभारात कुशल आहे, पण स्त्री असल्यामुळे सिंहासन तिचे नाही. ती पुत्राच्या नावाने राज्य चालविते. राजाला तीन राण्या आहेत आणि वंशाची चिंता आहे. राण्यांसाठी सिद्ध केलेले जल चुकून राजाच पितो. त्याला पुत्र होतो, आणि मग एकच प्रश्न सारी कादंबरीभर त्याचा पिच्छा पुरवितो. ज्याला मी माझ्या देहात वाढविले, त्याचा मी पिता की माता? धर्माच्या चौकटीत मला जागा कोणती?

जेथे मी कमरेवर हात ठेवून चाललो होतो, तेथे हा लेखक एकदाही हसला नाही. वैद्यकाच्या शाळेत मनुष्यदेहाकडे पाहण्याचा पहिला नियम बहुधा हाच शिकवीत असावेत. देह विचित्र असेल, दुःखी असेल, अपुरा असेल, पण तो हास्यास्पद नसतो.

भाविक वाचकांच्या मनात येथे शंका येईल की पुराणातली कथा अशी बदलावी काय? शंका रास्त आहे, म्हणून थोडा विचार करू. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला भरसभेत ओळख देत नाही, तेव्हा तेथे दुर्वासाचा शाप नाही, हरवलेली अंगठीही नाही. ती दोन्ही कालिदासाने आणली. वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीतामाई भूमीच्या उदरात जाते; भवभूतीने उत्तररामचरितात तिचे आणि श्रीरामाचे मीलन घडविले. आपल्या मराठीत खांडेकरांची ‘ययाति’ 1959 साली आली, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली, रणजित देसाईंची ‘राधेय’ 1973 साली. ही पुस्तके आपल्या घरांत पोथ्यांशेजारच्या फळीवर आहेत. त्यांनी पोथ्यांची जागा घेतली नाही. उलट कर्णासाठी डोळे पुसलेल्या कितीकांनी नंतर मूळ महाभारत उघडले.

दुसरी शंका अशी की पुरुषाच्या पोटी मूल, पुरुषाची स्त्री होणे, असले विषय सणाच्या पानावर कशाला? त्याला माझे उत्तर सोपे आहे. श्रीधरस्वामींनी 1718 साली बारामतीत पूर्ण केलेले शिवलीलामृत आपल्या माता-भगिनी दर सोमवारी वाचतात. त्याच्या सातव्या अध्यायात सुमेधा आणि सोमवंत या दोन ब्राह्मणकुमारांची कथा आहे. सीमंतिनी राणीकडून दान मिळावे म्हणून ते दंपतीचे सोंग घेतात, आणि तिच्या भक्तीच्या बळाने सोमवंत खरोखरच स्त्री होतो. तीच जोडी या कादंबरीतही आहे. माझ्या आजीने तो अध्याय जन्मभर सोवळ्यात वाचला. जे आपल्या देवघरात आहे, त्याची लाज कसली?

तथापि ही कादंबरी मला सर्वस्वी पटली असेही नाही. तिच्यात धर्म येतो तो बहुधा नियमाच्या रूपाने, माणसाला चिमटीत धरणारा. धर्म कृपेच्या रूपानेही येतो, याची जाणीव मला तिच्यात थोडी कमी वाटली. ती पारायणाची पोथी नव्हे, ललित वाङ्मय आहे. त्या भेदाने वाचावी. घरातील लहान मुलांच्या हाती देण्याचेही ते पुस्तक नव्हे.

पण तिने एक मोठे काम केले. तिने मला पुन्हा मूळ पोथीकडे पाठविले. वनपर्व उघडले आणि मी स्तब्ध झालो. सकाळी ऋषी उठतात, कलश रिकामा पाहतात, हे कोणी केले म्हणून विचारतात. राजा तत्काळ खरे सांगतो की हे माझ्या हातून घडले. त्यावर एकही ऋषी हसत नाही. एकही त्याला शाप देत नाही. घडले ते आता टळणार नाही, असे ते सांगतात. पण गर्भ धारण करण्याच्या वेदना तुला होणार नाहीत, अशी व्यवस्थाही करतात. व्यासांच्या पोथीत हंशा कोठेच नव्हता. तो मी घातला होता. कादंबरीकाराने कथेचा काळ बदलला, स्थळ बदलले. मी शब्दही न बदलता तिचा प्राण बदलला होता. दोघांत मोठा अपराध कोणाचा, ते सुज्ञांनी ठरवावे.

पुढच्या वर्षी कृष्णाबाईच्या उत्सवात मी पुष्कळ वर्षांनी मांधात्याचे आख्यान लावले. पूर्वरंगात करुणेवर निरूपण केले. उत्तररंगात तहानलेला राजा, कोरडा घसा, कोणाला ऐकू न गेलेली हाक, हे सारे सावकाश सांगितले. राजाने खरे सांगितले आणि ऋषींनी त्याला सांभाळले, तेथे क्षणभर थांबलो. झांजही थांबली.

ते गृहस्थ तोवर देवाघरी गेले होते. त्यांच्या पत्नी बायकांच्या बाजूला, समईपाशी बसल्या होत्या. आरतीनंतर त्या पुढे आल्या. नवऱ्याने त्यांना ते गुपित कधी सांगितले होते की नाही, मला ठाऊक नव्हते, आजही नाही. नमस्कार करून त्या एवढेच म्हणाल्या, “बुवा, आज कुणी हसलं नाही.”

वाचकहो, आज धन्वंतरीपुढे आरोग्य मागताना ज्यांच्या घरी पाळणा हलला नाही, ज्यांच्या देहाचे दुःख चारचौघांत बोलता येत नाही, अशांचीही आठवण असू द्या. त्यांच्याविषयीचा एक बोल, एक हंशा आवरला तरी ते औषधच आहे. शुभं भवतु.