पाळणा लांबवायचा की थांबवायचा?

पेरणीच्या आधी आपण रान बघतो. शेजाऱ्याने कापूस लावला म्हणून आपण मुरमाड माळावर कापूस लावत नाही. मूल न होण्याच्या साधनांचेही तसेच आहे. शेजारणीला जे सोसले, ते आपल्याला सोसेलच असे नाही.

आमच्या साक्षरता वर्गाला एक बाई येत. त्यांचे पहिले मूल अंगावर पीत होते. सासूबाई म्हणाल्या, "पोर पितंय तोवर काही होत नाही गं." मूल आठ महिन्यांचे झाले. मऊ भात खाऊ लागले. आणि बाईंना पुन्हा दिवस गेले. अंगात रक्त कमी. विहिरीवरून घरी येईतो धाप लागे.

सासूबाईंचे बोलणे खोटे नव्हते, पण अपुरे होते. मूल सहा महिन्यांच्या आतले हवे. त्याला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध हवे, वरचे पाणीसुद्धा नको. आणि आईची पाळी सुरू झालेली नको. या तिन्ही गोष्टी असतील तोवरच भरवसा. एक सुटली, की दुसरे साधन हवे.

मग साधन निवडावे कसे? आधी नवरा-बायकोने बसून ठरवावे. पाळणा लांबवायचा आहे, की थांबवायचा? दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर असले, तर आईचे अंग भरून येते.

लांबवायचा असेल, तर ही साधने आहेत.

निरोध : हा पुरुषाने वापरायचा. दर वेळी नवा घ्यायचा. त्याने गुप्तरोगापासूनही बचाव होतो. हे काम दुसरे कोणतेच साधन करीत नाही.

गोळ्या : 'माला-एन' रोज एक घ्यावी लागते. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये. रक्तदाब जास्त असलेल्या बाईनेही घेऊ नये. 'छाया' ही दुसरी गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग आठवड्यातून एकदा. आईच्या दुधाला तिची बाधा होत नाही. पण जी बाई गोळी विसरते, तिने दुसरे साधन बघावे.

अंतरा : हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. पाळी मागेपुढे होते, कधी थांबतेही. त्याला घाबरू नये. मात्र इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात.

तांबी : ही गर्भपिशवीत बसवतात. एक जात पाच वर्षे चालते, दुसरी दहा वर्षे. मूल हवे झाले, की काढून घ्यावी. "तांबी काळजात चढते," असे कोणी सांगतात. ते खरे नाही. सुरुवातीचे काही महिने पाळीला अंगावर जास्त जाते, हे मात्र खरे. म्हणून अंगात रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

आणि पाळणा थांबवायचाच असेल, तर शस्त्रक्रिया. ती कायमची समजावी. म्हणून पुरता विचार करावा. कोणाच्या बळजबरीने करू नये. बाईची शस्त्रक्रिया पोटातली असते. पुरुषाची नसबंदी त्याहून सोपी. आता ती बिनटाक्याचीही होते. दोन दिवसांनी हलके काम करता येते. आठवडाभर ओझे उचलू नये. पुरुषाची ताकद कमी होत नाही. पण एक ध्यानात ठेवावे. नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावा आणि मग तपासणी करून घ्यावी. तोवर दिवस राहू शकतात.

हे विचारायला लाज कशाची? र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. तेव्हा लोकांनी त्यांना नावे ठेवली. पुढे १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात ही साधने फुकट मिळतात. आशाताईंना विचारले, तर त्या वाट दाखवतात. कोणता त्रास होऊ शकतो, हे आधीच विचारून घ्यावे. त्रास झाला तर साधन मनाने सोडू नये. दवाखान्यात जाऊन बदलून घ्यावे.

त्या बाईंचे दुसरे बाळंतपण कसेबसे निभावले. मग दोघे नवरा-बायको दवाखान्यात गेले. नवऱ्याने विचारले, "बाई, सगळ्यांत चांगलं साधन कंचं?"

नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या घराला सोसेल ते. तुम्हांला आणखी मूल हवंय का?"

"नाही. दोन बास झाली."

"मग हिच्या अंगात तर रक्त नाही."

नवरा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन्ही येळंला हिनं सोसलं. आता माझी पाळी."

त्याने नसबंदी करून घेतली. आता तो शेतात पहिल्यासारखाच राबतो. आणि बाई पुन्हा वर्गाला येऊ लागल्या आहेत.