सापाच्या पेटीत दिवा कोणता लावावा? आधी अंधाराची सोय करा

मुरुड (ता. लातूर) : काचेच्या पेटीत वेटोळं करून बसलेला अजगर आणि वर लाल-निळा दिवा, असे व्हिडिओ आता खेड्यातली पोरंही रोज बघतात. बघून शौक लागतो आणि पहिला प्रश्न येतो तो बल्बचा. खरं तर सापाला उजेडापेक्षा ऊब आणि अंधार जास्त लागतो. हे माहीत नसल्यानं महागडे दिवे लावूनही जनावर मरतं.

कोणता साप पाळता येतो?

नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर यातला आपल्या रानातला एकही साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि हे साप पहिल्या अनुसूचीत आहेत. यात ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. "बिनविषारी आहे, काय होतंय" हे कारण चालत नाही.

परदेशी बॉल पायथन पाळायचा असेल तर केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. साप घेतल्यापासून ३० दिवसांत ती करायची असते. कागद नसलेला साप कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. खालची माहिती अशा नोंदणीच्या सापासाठीच आहे.

सापाला पापणी नाही

सापाला डोळे मिटता येत नाहीत. डोळ्यावर पापणीऐवजी एक पारदर्शक खवला असतो. रात्रभर दिवा चालू ठेवला तर त्याला त्यापासून सुटका नाही. बॉल पायथन तर रात्रीच फिरणारा. उजेड सतत राहिला की तो लपून बसतो आणि खाणं सोडतो.

म्हणून दिवसा साधारण १२ तास उजेड आणि रात्री पूर्ण अंधार ठेवावा. दिवसासाठी कमी वॅटचा पांढरा एलईडी पुरतो. खोलीत खिडकीचा उजेड येत असेल तर तोही चालतो. रात्रीसाठी म्हणून लाल-निळे बल्ब विकतात, पण तोही उजेडच. ते घेऊ नयेत. पेटीत दोन्ही टोकांना लपायला अंधारी जागा हवीच.

बत्तीस शिराळ्यात पूर्वी नागपंचमीसाठी धरलेले नाग मडक्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायचे. न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची ती प्रथा बंद पडली. पण अंधारात साप शांत राहतो, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

उजेड वेगळा, ऊब वेगळी

साप थंड रक्ताचा प्राणी. अंगातली ऊब तो बाहेरून घेतो. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश तापमान लागतं. गरम वाटलं की तो स्वतःच गार टोकाला सरकतो. ऊब देण्यासाठी उजेड न पडणारा सिरॅमिक हीटर किंवा पेटीच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट वापरावी. दोन्हींना थर्मोस्टॅट लागतोच. तो नसेल तर मॅट तापत राहते आणि सापाचं पोट भाजतं. बल्ब किंवा हीटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळी हवी, नाहीतर साप त्यालाच वेटोळं घालतो. दोन्ही टोकांना एकेक तापमापक ठेवावा. हात लावून अंदाज घेऊ नये.

'ऊन मिळेल' म्हणून पेटी खिडकीत ठेवण्याची चूक सर्रास होते. काचेतून उन्हातले उपयोगी अतिनील किरण फारसे आत येत नाहीत, पण उष्णता आत कोंडते. थोड्याच वेळात पेटीची भट्टी होते.

आपला उन्हाळा, आपली लाईट

परदेशातल्या व्हिडिओतला सल्ला थंड मुलखासाठी असतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या पुढं जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. त्या दिवसांत हीटर बंद करून पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीवर ठेवावी. आत पाण्याचं पसरट भांडं ठेवावं. तापमान ३५ च्या वर बराच वेळ राहिलं तर साप दगावू शकतो.

हिवाळ्यात उलटं. रात्री लाईट गेली तर पेटीवर गोधडी टाकावी, हवा जायला फट ठेवावी. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवावी. एवढी सोय जमणार नसेल तर साप आणूच नये.

घरात साप निघाला तर

घरात किंवा कडब्यात निघालेला साप स्वतः धरू नये. वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावं. सर्पमित्रानं धरलेला साप बरणीत असेल तर झाकणाला छिद्रं असावीत, बरणीवर कापड टाकून ती सावलीत ठेवावी. लोकांना दाखवायला ती उन्हात किंवा बल्बखाली ठेवली तर साप बरणीतच मरतो. तो लवकरात लवकर वन विभागाच्या ताब्यात गेला पाहिजे.