निरोप रक्तातून येतो

हृदयरोपण झालेल्या एका परिचित गृहस्थांबरोबर परवा दोन मजले चढण्याचा योग आला. लिफ्ट बंद होती. खाली असताना त्यांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ ठोके दाखवत होता. पहिल्या मजल्यावर माझ्या छातीत ढोल वाजायला लागले, त्यांचा आकडा मात्र जेमतेम १०० वर. वर पोचलो, खुर्चीत टेकलो, माझा दम ओसरला आणि यांचे ठोके तेव्हा कुठे वाढायला लागले. "जुन्या डिझेल गाडीसारखं आहे, तापायला वेळ लागतो," ते हसत म्हणाले.

या शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या शिवता येतात, हृदयाचे मज्जातंतू शिवता येत नाहीत. एरवी व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो. तो लगाम सुटला, की बसल्याजागीही ठोके ९० ते ११० राहतात. धावायला लागल्यावर टाच मारणारे तंतूही तुटलेले. मग वेग वाढवायचा कोणी? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी. त्या रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात, ते वाहत हृदयापर्यंत येतं आणि उतरायलाही तेवढाच वेळ घेतं. काही वर्षांनी काही तंतू पुन्हा रुजतात, पण अर्धेमुर्धेच. तोवर या हृदयाचा कारभार फोनवर नाही, टपालावर.

पण हृदय नुसतं टपाल घेत नाही, स्वतःही पाठवतं. १९८१ साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडलं. पंप समजला जाणारा अवयव ग्रंथीही निघाला! या संप्रेरकाचं नाव एएनपी. त्याचं भावंड बीएनपी १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावातला 'बी' ब्रेनचा. ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतं हे नंतर कळलं, पण एकदा पडलेलं नाव कोण बदलतो?

हृदय थकलं, ताणलं गेलं की ही दोन्ही वाढतात. नवं हृदय बसलं म्हणजे आकडे नॉर्मल व्हायला हवेत, असं कुणालाही वाटेल. बीएनपी उतरतं खरं, पण पुष्कळदा निरोगी माणसाच्या पातळीपर्यंत येत नाही. नवं हृदय थोडं ताठर असतं, रक्तदाब चढलेला असतो, मूत्रपिंडं दमलेली असतात. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत तर रुग्णाच्या मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा भाग ठेवून त्याला नवं हृदय जोडत, म्हणजे एएनपी तयार करणारं ऊतक नेहमीपेक्षा जास्तच. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त तपासून आलेल्या एकाच आकड्यावरून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. आधीचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. अचानक उडी दिसली तर डॉक्टर सावध होतात, पण शरीर हृदय नाकारतंय का, याचा निकाल अजूनही बहुधा बायोप्सीच देते.

तुटलेल्या तंतूंचा आणखी एक फटका आहे. शरीरात पाणी जास्त झालं की हृदय मेंदूला कळवतं, आणि रेनिन, अल्डोस्टेरॉन ही मीठ धरून ठेवणारी मंडळी मागे हटतात. इथे तार तुटलेली, त्यामुळे ती हवी तेवढी हटत नाहीत. त्यात शरीराने हृदय नाकारू नये म्हणून घ्यावी लागणारी सायक्लोस्पोरिनसारखी औषधं रक्तदाब चढवतात. लोणचं-पापडावर डॉक्टर का डोळा ठेवतात, ते यावरून कळेल.

१९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. संप्रेरकांची चिंता करता येणं, ही त्या मानाने चैनच.

घरात असा रुग्ण असेल, तर दोन गोष्टी लिहून ठेवा. त्याच कारणासाठी दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच महिने घेतलं की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल करायचं जवळजवळ सोडून देतात, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणत ती गोळी मनाने कधीही बंद करू नका. आणि दाताच्या डॉक्टरांपासून भूलतज्ज्ञांपर्यंत प्रत्येकाला आधीच सांगा, की हृदय दुसऱ्याचं आहे. ठोके मंदावले की एरवी हमखास टोचतात ते ॲट्रोपिन व्हेगसचा लगाम सोडवून काम करतं, आणि इथे लगामच नाही.