पेडल परत येतं का?

ताम्हिणी उतरून माणगावकडे निघालो होतो. माझ्या जुन्या मोटरसायकलचे चारही गिअर पेडल खाली दाबून पडतात. तिसरा टाकला आणि बुटाखालचं पेडल एकदम निर्जीव झालं. दाबलं तिथंच राहिलं, परत वर यायचं नाव नाही. गाडी मात्र तिसऱ्यात व्यवस्थित पळत होती, म्हणून क्लच सांभाळत तशीच पुढे आणली. पहिल्या मेकॅनिकने ऐकूनच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. फुल इंजिन खोलावं लागेल." दुसरा आधी उकिडवा बसला, पेडल हाताने दोनदा हलवलं आणि म्हणाला, "दादा, स्प्रिंग गेलीय. फुल इंजिन कशाला?"

त्याला हाताने हलवून काय कळलं? ते समजायला आधी पेडल परत का येतं ते बघू.

पूर्वी मोटरसायकलचा गिअर हाताने, टाकीशेजारच्या दांड्याने बदलायचा. ऐन वळणावर एक हात हँडलवरून काढायचा, हे शर्यतीत फारच महागात पडे. १९२८च्या सुमारास ब्रिटनमधल्या व्हेलोसेट कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी पायाने चालणारी अशी रचना केली, की एका दाबात एकच गिअर बदलेल आणि पेडल दर वेळी मूळ जागी परत येईल. माझ्या मते यातली खरी करामत हे परत येणंच. पाय कुठे ठेवायचा ते चालवणाऱ्याला बघावं लागत नाही.

आतला कारभार असा. गिअरचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. सरकतात ते काही गिअर आपल्या शाफ्टवर, आणि त्यांच्या बाजूचे ठोकळ्यासारखे खुंट, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरमध्ये अडकतात. त्यांना सरकवतात फोर्क, आणि फोर्कना नाचवतो ड्रम. हा ड्रम म्हणजे लाटण्याचा आखूड तुकडा समजा, अंगावर नागमोडी खाचा कोरलेला. पेडलच्या शाफ्टवरचा आकडा ड्रमच्या टोकाची खुंटी पकडून त्याला एक घर फिरवतो. तिथे एक छोटं चाक खाचेत बसून ड्रमला धरून ठेवतं. पाय काढला की रिटर्न स्प्रिंग शाफ्ट मधोमध आणते आणि आकडा पुढच्या खुंटीपाशी तयार राहतो.

या स्प्रिंगचे दोन पाय एका पक्क्या पिनच्या दोन्ही बाजूंना टेकलेले असतात. दिवसाला १०० वेळा गिअर बदलला तरी वर्षाला ३६,५०० वेळा एकाच वाकणावर ताण येतो. तिथे बारीक ओरखडा असेल तर चीर सुरू होते, दर दाबाला केसभर वाढते आणि एक दिवस पाय तुटतो. धातूही थकतो, तो असा.

म्हणून तपासणी बाहेरून आत. पेडल हलतं पण शाफ्ट फिरत नाही? मग पेडलच्या भोकातले दाते झिजलेत. गाडी पडून पेडल वाकलं असेल तर ते कव्हरलाच अडतं. तेवढ्यासाठी इंजिन खोलायला निघालेले लोक मी पाहिलेत. शाफ्ट फिरतो पण परत येत नाही? स्प्रिंग तुटली, किंवा तिची पिन ढिली झाली. परत येतं पण गिअर पडत नाही? आधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा. उभ्या गाडीत डॉगसमोर डॉग आला तरी गिअर अडतो. गाडी थोडी मागेपुढे ढकलली की पडतो. आणि गिअर पडून जोर लावताच सटकत असेल, तर मात्र डॉगच्या कडा गोल झाल्याचा किंवा फोर्क वाकल्याचा संशय घ्यावा. तिथे बहुतेक गाड्यांत फुल इंजिनला पर्याय नाही.

माझ्या गाडीचं काम क्लचच्या बाजूनेच झालं. ऑइल काढलं, कव्हर आणि क्लच उतरवला, शाफ्ट ओढला, नवी स्प्रिंग बसवली. कव्हर लावण्याआधी त्या दुसऱ्या मेकॅनिकने मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर टाकून पाहिले. मला वाटलं, झालं. पण जुन्या स्प्रिंगचा तुटका पाय सापडेना, आणि तो सापडल्याशिवाय नवं पॅकिंग लावायला हा माणूस तयार नव्हता. दात्यांत गेला तर गिअर फोडेल, म्हणाला. अर्ध्या तासाने तो ऑइलच्या जाळीवर मिळाला, नखाएवढा.