भेगेवरून जाणारा रस्ता

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दुरँगो नावाचं गाव आहे. सकाळी न्याहारी करून तिथून गाडी काढली, तर सान हुआन डोंगररांग ओलांडून उत्तरेच्या यूरे गावात जेवणाच्या वेळेला पोचता येतं आणि दिवस मावळायच्या आत परत. अंतर एका बाजूचं जेमतेम 113 किलोमीटर. पण वाटेत कोल बँक, मोलास आणि रेड माउंटन अशा तीन खिंडी चढाव्या लागतात. शेवटची सगळ्यांत उंच, 3,358 मीटर. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी ही खिंड त्याच्या वरच राहील. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. त्यामुळे टर्बो नसलेली गाडी चढावर कुरकुरते आणि फोटोसाठी चार पावलं पळालेला माणूसही.

सिल्व्हर्टन ते यूरे हा शेवटचा सुमारे 40 किलोमीटरचा टप्पा ‘मिलियन डॉलर हायवे’ म्हणून ओळखला जातो. या नावामागच्या कथा पुष्कळ आहेत, पक्की एकही नाही. यूरेच्या अलीकडे रस्ता अनकम्पाग्रे नदीच्या घळीवर कोरलेला आहे आणि बऱ्याच ठिकाणी दरीच्या बाजूला कठडाच नाही. घाटातल्या प्रवासाला सरावलेल्या मराठी माणसालाही ते चमत्कारिक वाटतं. कारण साधं आहे: हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलून द्यायला दरीखेरीज जागा नाही, आणि कठडा असला तर बर्फ काढणाऱ्या गाड्यांना तो आडवा येतो. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात. म्हणून उत्तरेला जाताना आपण डोंगराला चिकटून असतो आणि परतीला थेट काठावर. उंचीची भीती असलेल्याने जाताना चाक धरावं, येताना दुसऱ्याच्या हाती द्यावं.

या वाटेवर लोक येतात ते देखाव्यासाठी. सप्टेंबरअखेर अस्पेनची पिवळीधमक पानं, वर बर्फाची रेघ आणि मध्ये लालभडक डोंगर. मला मात्र या देखाव्यापेक्षा तो तसा का आहे, हे जास्त रंजक वाटतं. कारण इथला रस्ता, नदी, सोनं, डोंगराचा लाल रंग आणि ओढ्यातलं विष, सगळं एकाच भेगेशी जाऊन पोचतं.

सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखींचं युग सुरू झालं. आपल्या सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच, पण स्वभाव वेगळा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जो लाव्हा आला त्यात सिलिका कमी होती. तो पातळ होता आणि भेगांमधून बाहेर पडून शेकडो किलोमीटर पसरत गेला. घाटात दिसणारे थरावर थर त्याचेच. सान हुआनमधला शिलारस सिलिकेने भरलेला, घट्ट आणि चिकट होता. त्यात अडकलेल्या वायूला वाट मिळेना, मग तो फुटला. अशा महास्फोटात जमिनीखालचं शिलारसाचं कोठार झपाट्याने रिकामं होतं आणि आधार गेलेलं छत खाली बसतं. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा वाफ गेल्यावर बसावा, तसं. या खचलेल्या कुंडाला कॅल्डेरा म्हणतात. सान हुआनच्या टापूत असे अनेक कॅल्डेरा आहेत. त्यांतल्या ला गारिता कॅल्डेराच्या स्फोटातून तब्बल 5,000 घन किलोमीटरच्या आसपास राख आणि खडक बाहेर पडला, असा अंदाज आहे. आपल्या वाटेवरचा सिल्व्हर्टन कॅल्डेरा त्यामानाने लहान आणि सुमारे 2.76 कोटी वर्षांपूर्वीचा.

छत खचलं की त्याच्या कडेने गोलाकार भेग पडते. तिथला खडक चुरा झालेला असतो, म्हणून पाणी तो आधी झिजवतं. ॲनिमास नदी आणि मिनरल क्रीक हा ओढा या कडेकडेनेच वळण घेत सिल्व्हर्टनपाशी भेटतात. सिल्व्हर्टनहून रेड माउंटन खिंडीकडे जाणारा रस्ता मिनरल क्रीकच्या खोऱ्यातून चढतो, म्हणजे चालकाला कल्पना नसली तरी त्याची गाडी एका विझलेल्या ज्वालामुखीच्या काठावरून चाललेली असते. नकाशा उघडून ॲनिमास, मिनरल क्रीक आणि खिंडीपलीकडचा रेड माउंटन क्रीक एका बोटाने गिरवून बघा. बोट आपोआप वळतं.

सोनं-चांदी मात्र स्फोटाच्या वेळी आली नाही. ती नंतर आली, आणि सनीसाइडसारख्या मोठ्या खाणीतल्या शिरा तर कॅल्डेरा खचल्यावर कोटभर वर्षांनी भरल्या. खाली पुन्हा शिलारस चढला, त्याच्या उष्णतेने खोलातलं पाणी तापलं, आणि क्षार व गंधक मिसळलेल्या त्या कढत पाण्यात धातू विरघळले. पाण्याला वर यायला जुन्या भेगा तयारच होत्या. वर येताना दाब उतरला, पाणी उकळलं, थंडावलं आणि भेगांच्या भिंतींवर गारगोटीबरोबर सोनं, चांदी, शिसं, जस्त, तांबं साचत गेलं. सह्याद्रीच्या कातळातल्या पोकळ्याही पाण्याने भरल्याच, पण तिथे मिळाले झिओलाइट आणि ॲपोफिलाइटचे स्फटिक. नाशिक-जळगाव-पुण्याच्या खाणींतले ते देखणे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले असतात. त्यांच्यापायी डोंगरात गावं मात्र वसली नाहीत.

सान हुआनमध्ये वसली. हा सगळा मुलूख यूट या मूलनिवासी लोकांचा. 1873 च्या ब्रुनो करारात त्यांच्याकडून तो काढून घेतला गेला, पुढच्याच वर्षी सिल्व्हर्टन उभं राहिलं आणि 1882 मध्ये दुरँगोहून नॅरोगेज रेल्वे तिथे पोचली. ती अजून धावते, प्रवाशांच्या हौसेसाठी. यूरे हे तर यूटांच्या प्रमुखाचंच नाव. त्याच्या लोकांना 1881 मध्ये इथून हाकललं आणि नाव तेवढं ठेवून घेतलं. यूरेहून घळीतून वर जाणारी वाट 1880 च्या दशकात ऑटो मीअर्स या रशियन साम्राज्यातून आलेल्या उद्योजकाने काढली. बेअर क्रीकच्या धबधब्यापाशी नाका बांधून तो टोल घेई. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. टोल चुकवायला जागाच नव्हती.

रेड माउंटनच्या परिसरातलं चांदीचं खनिज विलक्षण समृद्ध होतं. यांकी गर्ल नावाच्या खाणीचा लाकडी सांगाडा रस्त्यावरून आजही दिसतो. इथे धातू शिरांमध्ये नसून चुराडा झालेल्या खडकाच्या उभ्या नळकांड्यांत साचलेला होता. त्या नळकांड्यांतलं पाणी इतकं आम्ल होतं की लोखंडी पंप आणि पाइप ते खाऊन टाकी. खाणवाल्यांचा त्यावर बराच पैसा गेला. हे पाणी लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

चांदीच्या या गावांना घरघर लावण्यात मुंबईचाही हात आहे. 26 जून 1893 रोजी ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत खासगी चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. जगातलं एवढं मोठं गिऱ्हाईक एकाएकी उठून गेलं, चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही चांदी खरेदीचा कायदा रद्द केला. कोलोरॅडोतल्या खाणी धडाधड बंद पडल्या. अशा पडत्या काळात, 1896 मध्ये, थॉमस वॉल्श नावाच्या आयरिश माणसाने यूरेजवळच्या जुन्या खाणींतली टाकून दिलेली गारगोटी तपासली. आधीचे लोक चमकणारं शिसं-चांदी शोधत होते. वॉल्शला न चमकणाऱ्या दगडात सोनं सापडलं. ती कॅम्प बर्ड खाण. तिच्या पैशावर वाढलेल्या त्याच्या मुलीने, एव्हलिनने, 1911 मध्ये नवऱ्याच्या साथीने होप हिरा विकत घेतला. तो निळा हिरा मूळचा गोवळकोंड्याचा, बहुधा कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला. मुंबईच्या टांकसाळीने बुडवलेल्या मुलखातल्या सोन्याने महाबळेश्वरात उगम पावणाऱ्या नदीकाठचा हिरा घ्यावा, हा योगायोग भूगर्भशास्त्रात बसत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता लाल डोंगर. खिंडीच्या उत्तरेला रस्त्यालगत थांबायची जागा आहे, तिथून रेड माउंटनची तिन्ही शिखरं समोर येतात. कढत गंधकी पाण्याने या खडकाचा भुगा करून त्यात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज, खच्चून भरून ठेवलं आहे. पायराइट जमिनीत गाडलेला असतो तोवर निरुपद्रवी. हवा आणि पाणी मिळालं की तो गंजतो. लोखंडाचा लाल-पिवळा गंज वर राहतो आणि गंधकाचं सल्फ्युरिक ॲसिड होऊन पाण्यात उतरतं. ही क्रिया एरवी संथ, पण काही जिवाणूंचं पोटच तिच्यावर भरतं. पाण्यात विरघळलेल्या लोखंडाचं ऑक्सिडीकरण ते कैक पटींनी वेगाने करतात, आणि ते लोखंड उलटून आणखी पायराइट फोडतं. आम्ल पाणी मग वाटेतलं जस्त, तांबं, कॅडमियम, ॲल्युमिनियम सोबत घेऊन निघतं. म्हणजे ज्या रंगाचा आपण फोटो काढतो, तोच ओढ्याला मारतो. गाडीतून उतरून ओढ्यातले गोटे बघावेत. भगवे असतील तर त्यांच्यावर लोखंड बसलं आहे. स्वच्छ ओढा येऊन मिळतो तिथे आम्लपणा थोडा उतरतो आणि गोट्यांवर पांढरी साय दिसते, ती ॲल्युमिनियमची.

मग खाणीचा दोष किती? इथे शास्त्रज्ञांनी खरं कष्टाचं काम केलं आहे. या ओढ्यांकाठी गंजलेल्या लोखंडाने खडीमाती सांधून दगडासारखे थर झालेले आहेत, आणि त्यांत जुनी लाकडं अडकली आहेत. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याने त्या लाकडांचं वय कार्बन-14 पद्धतीने काढलं. काही हजारो वर्षं जुनी निघाली. म्हणजे पहिला खाणकामगार यायच्या कितीतरी आधीपासून इथलं पाणी आम्ल होतं, काही ओढ्यांत मासे कधी नव्हतेच. खाणवाले हा मुद्दा आनंदाने सांगतात, आणि तो खोटा नाही. पण अर्धा आहे. शेकडो बोगद्यांनी हवेला डोंगराच्या पोटात नेलं आणि पाण्याला बाहेर यायचा सोपा रस्ता दिला. गोव्यात ज्याला डंप म्हणतात, तसे ढिगारे उतारावर पसरले. चुरा केलेल्या दगडाला हवा लागायला पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो.

डोंगर पोखरला की पाणी कुठून कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. सनीसाइड खाणीत सोन्याच्या शिरेमागे वर वर जाताना कामगार एमा नावाच्या तळ्याच्या तळापाशी पोचले. 4 जून 1978 रोजी तळं फुटून खाणीत कोसळलं आणि चिखलाचा लोंढा खालच्या अमेरिकन टनेल या बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडला. वार रविवार, आत कोणी नव्हतं. 1991 मध्ये खाण बंद झाली आणि 1996 पासून तो बोगदा काँक्रीटच्या बुचांनी बंद करण्यात आला. बाहेर येणारं पाणी बरंचसं थांबलं. पण अनेक जाणकारांच्या मते डोंगरातली पाण्याची पातळी चढली आणि कोरड्या झालेल्या शेजारच्या जुन्या खाणींतून पाणी पाझरू लागलं. भेगांनी भरलेल्या डोंगरात एक तोंड मिटलं की दुसरं उघडतं.

शेजारच्या त्या जुन्या खाणींतली एक गोल्ड किंग. 5 ऑगस्ट 2015 रोजी पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, लोक कंत्राटदारासह तिचं ढासळलेलं तोंड तपासत असताना मागे साठलेलं पाणी सुटलं. सुमारे 1.1 कोटी लिटर. ॲनिमास नदी हळदीसारखी पिवळी झाली, दुरँगोत लोकांनी पुलावर उभं राहून पाहिली, खालच्या अंगाच्या नवाहो या मूलनिवासी लोकांना शेतीचं पाणी बंद करावं लागलं. ती छायाचित्रं जगभर छापून आली. कमी छापलं गेलं ते हे: दुरँगोजवळ नदीत पिंजऱ्यात ठेवलेले ट्राउट मासे जवळपास सगळे वाचले, आणि ईपीएच्याच अंदाजाने या परिसरातल्या खाणींतून दररोज सुमारे 2 कोटी लिटर आम्ल पाणी झिरपतं. रंग न दाखवता, रोज. तो परिसर, 48 ठिकाणं मिळून, 2016 मध्ये सरकारी शुद्धीकरणाच्या यादीत गेला.

सिल्व्हर्टनहून कच्च्या रस्त्याने वर गेलं की ग्लॅडस्टोनला गोल्ड किंगचं पाणी शुद्ध करणारं केंद्र लागतं. पद्धत जुनी आणि भरवशाची: पाण्यात चुना घालायचा, आम्ल मारायचं, धातू लगद्यासारखे खाली बसवायचे. अडचण लगद्याची. तो ठेवायला डोंगरात सपाट जागा कमी, आणि हिमप्रपातांची भीती. इथला बर्फ कोरड्या थंडीतला. तळाची जमीन त्यामानाने उबदार, वरची हवा गोठलेली. या फरकामुळे तळाच्या थरातले कण साखरेसारखे सुटे होतात, आणि त्यावर नवा जड बर्फ पडला की उतारच्या उतार घसरतो. यूरेच्या वरच्या रिव्हरसाइड स्लाइडमध्ये 1970, 1978 आणि 1992 मध्ये बर्फ काढणारे चालक गेले. त्यांचं स्मारक रस्त्यालगत आहे.

हिवाळा टाळून गेलात, तरी जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पावसाळा असतो, दुपारी विजा कडाडतात, म्हणून खिंडी दुपारच्या आत ओलांडाव्यात. आणि खाणींचं म्हणाल तर कोलोरॅडोत सोडून दिलेल्या खाणी 23,000 च्या घरात मोजल्या जातात. त्या साफ करायला पुढे येणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनेक वर्षं भीती होती ती कायद्याची: एकदा हात लावला की सगळ्या पाण्याची जबाबदारी त्यांच्या माथी. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने कायदा करून ती तरतूद सैल केली. प्रायोगिक परवाने सध्या संपूर्ण देशासाठी 15.